शिलालेखात सात राजे, पुस्तकात तेरा

प्रश्न चोपडा तालुक्यातील एका शिक्षिकेचा आहे. शाळेच्या इतिहासदालनात खानदेशच्या फारूकी राजांची वंशावळ मोठ्या तक्त्यावर रंगवायची आहे. मात्र एका पुस्तकात तेरा राजे आहेत, दुसऱ्यात पंधरा, आणि बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील संस्कृत शिलालेखात सातच नावे आहेत. सालेही एका वर्षाने मागेपुढे होतात. यातले खरे कोणते मानावे, आणि फारूकींचा अशीरगड किल्ला अकबराने लढून घेतला की फितुरीने, हे तक्त्याखाली कसे लिहावे, असे त्यांनी विचारले आहे.

गेली तीस वर्षे मी धुळ्यात राहून मोडी आणि फारसी कागद वाचतो, जमेल तेथे शिलालेखांचे ठसे घेतो, आणि हा प्रश्न मला नवा नाही. थाळनेरला विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की तापीच्या काठावरच्या त्या अष्टकोनी कबरीपुढे कोणीतरी तो विचारतोच. उत्तर असे की तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते एकाच गोष्टीचे आकडे नाहीत. गादीवर कोण कोण बसले ही यादी एक, आणि आज गादीवर असलेल्या राजाचा बाप कोण, आजा कोण, पणजा कोण ही यादी दुसरी. आपल्या घरचे भाट वंशावळ म्हणतात तेव्हा चुलते गाळतात. त्यांना थेट धारेशी काम असते. बुऱ्हाणपूरच्या शिलालेखाने हेच केले आहे.

तो लेख एकदा सावकाश वाचण्यासारखा आहे. काळ्या दगडाची ती मशीद राजा अलीखान उर्फ आदिलशाह याने बांधली. आत अरबी लेख आहे आणि त्याच्या सोबतीने संस्कृत लेख आहे. आरंभ ‘श्री सृष्टिकर्त्रे नमः’ असा. पुढच्या श्लोकात अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत अशा ईश्वराला वंदन आहे, म्हणजे मुसलमान राजाला आणि संस्कृत पंडिताला दोघांनाही खटकणार नाही असेच शब्द नेमके निवडलेले आहेत. मग चंद्र-सूर्य-तारे आकाशाच्या अंगणात आहेत तोवर फारूकी वंश भूतलावर नांदो, असा आशीर्वाद येतो, आणि त्यानंतर नावे: राजा मलिक, त्याचा पुत्र गजनी, त्याचा केसरखान, त्याचा हसन, त्याचा एदलशाह, त्याचा मुबारख, आणि त्याचा पुत्र विद्यमान राजा एदल. शेवटी संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष मास, आणि पुढे तिथी, नक्षत्र, घटी असा मुहूर्त आहे. मशिदीच्या भिंतीवर पंचांग कोरलेले पाहून मुलांचे डोळे विस्फारतात. मला मात्र त्याहून ‘एदल’ हा शब्द मोलाचा वाटतो. ‘आदिल’चे ‘एदल’ हे आपल्याकडच्या तोंडचे रूप आहे, मुक्ताईनगरला आपली वडीलधारी मंडळी अजूनही एदलाबादच म्हणतात, आणि दरबाराच्या पंडिताने फारसी उच्चाराचा आग्रह न धरता हेच रूप दगडावर घातले.

आता ही सात नावे पुस्तकातल्या यादीवर ठेवून पाहा. पुस्तकाचा क्रम साधारण असा आहे: मलिक राजा, नासीरखान, पहिला आदिलखान, पहिला मुबारकखान, दुसरा आदिलखान, दाऊदखान, गजनीखान, तिसरा आदिलखान, मीरान मुहंमदशाह पहिला, दुसरा मुबारकशाह, मुहंमदशाह दुसरा, राजा अलीखान आणि शेवटचा बहादूरखान. हे तेरा झाले. पंधरा करणारे लेखक यात १५०८ च्या धामधुमीत अहमदनगरच्या पाठिंब्यावर पुढे केलेला आलमखान आणि १५७६ मध्ये बापामागे गादीवर बसवलेला व लगेच चुलत्याने, म्हणजे राजा अलीखानाने, बाजूला सारलेला अल्पवयीन हसनखान मिळवतात. हे दोघे राजे मानावेत की दावेदार, हा ज्याच्या त्याच्या कसोटीचा प्रश्न आहे. तक्त्यावर ते कंसात घालावेत, असे माझे मत आहे.

शिलालेखात नसलेले कोण, ते पाहिले की वंशाची गोष्ट उलगडते. बहादूरखान असणे शक्यच नाही, कारण तो लेखानंतर सात-आठ वर्षांनी गादीवर आला. मीरान मुहंमदशाह पहिला नाही, कारण तो मुबारकशाहाचा भाऊ. मुहंमदशाह दुसरा नाही, कारण तो खुद्द राजा अलीखानाचा भाऊ. इतके सोपे आहे. परंतु पहिला आदिलखान, पहिला मुबारकखान, दुसरा आदिलखान आणि दाऊदखान, म्हणजे १४३७ पासून १५०८ पर्यंतची सगळी राज्यकर्ती शाखाच लेखातून नाहीशी झालेली दिसते, हे पुस्तकांत क्वचितच कोणी समजावून सांगतो. याच शाखेत चव्वेचाळीस वर्षे राज्य करणारा दुसरा आदिलखान होता, ज्याने गोंडवनापर्यंत वचक बसवून ‘झारखंडचा शाह’ अशी पदवी मिरवली, आणि ज्याचा काळ बुऱ्हाणपूरच्या भरभराटीचा मानला जातो. एवढा राजा वगळला, कारण राजा अलीखान त्याचा वंशज नव्हता. १५०८ मध्ये ती शाखा संपली आणि धाकट्या फांदीतून आलेला तिसरा आदिलखान गादीवर बसला. राजा अलीखान त्याचा नातू.

येथे एक खाच आहे, आणि तीत मी स्वतः पडलो आहे. शिलालेखातला ‘गजनी’ आणि पुस्तकातला १५०८ चा गजनीखान हे एकच आहेत, असे धरून मी एका व्याख्यानात सबंध शाखा चुकीच्या फांदीला लावून दाखवली होती. पुढच्याच रांगेतील एका विद्यार्थ्याने नम्रपणे विचारले की दहा दिवस राज्य करून विषप्रयोगाने मेलेल्या मुलाला पुढच्याच वर्षी गादीवर बसणारा पणतू कसा असेल? उत्तर नव्हते. शिलालेखातला गजनी हा मलिक राजाचा पुत्र आहे, म्हणजे तो शंभर वर्षे आधीचा. पुष्कळ अभ्यासक त्याला नासीरखान मानतात. नासीरचा भाऊ इफ्तिखार, ज्याच्या वाट्याला थाळनेर आले होते आणि पुढे ज्याला ते सोडावे लागले, त्याच्या शाखेशी ही फांदी जोडणारेही अभ्यासक आहेत. तक्त्यावर मलिक राजापासून केसरखानापर्यंतची रेघ तुटक काढावी. पुढची भरीव काढण्यास हरकत नाही.

१५०८–०९ चा तो पेच नीट समजून घ्यावा, कारण खानदेशचे सगळे राजकारण त्यात एका जागी दिसते. दाऊदखान वारला, मुलगा गजनीखान दहा दिवसांत संपला. अहमदनगरच्या निजामशाहाने एका आलमखानाचा कैवार घेतला, तर गुजरातच्या महमूद बेगड्याने आपल्या लेकीच्या मुलाचा. त्या नातवाचेही नाव गादीवर येण्यापूर्वी काही ठिकाणी आलमखान असेच आढळते, तेव्हा पुस्तकात ‘आलमखान’ दिसला की कोणत्या दरबाराचा, हे आधी पाहावे. बेगडा फौज घेऊन थाळनेरला आला आणि १५०९ मध्ये तेथेच नातवाला ‘आजम हुमायून’ असा किताब देऊन त्याने गादीवर बसवले. बुऱ्हाणपूर वसून शतक उलटले होते, तरी राज्याभिषेक थाळनेरला झाला. एकीकडे गुजरात, उत्तरेला माळवा, दक्षिणेला अगोदर बहमनी आणि मग अहमदनगर, या चौघांच्या मध्ये तापीचे खोरे धरून बसलेले हे घराणे दोनशे वर्षांहून अधिक टिकले ते तलवारीइतकेच सोयरिकींवर टिकले.

सोयरीक कशी उलटते, याचेही उदाहरण याच वंशात आहे. नासीरखानाने आपली मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याला दिली होती. सुलतानाचे मन संगमेश्वरच्या राजाच्या मुलीकडे वळले, आणि लेकीने बापाकडे गाऱ्हाणे केले. म्हाताऱ्या नासीरखानाने १४३७ मध्ये वऱ्हाडावर स्वारी केली. बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी याने रोहणखेडच्या लढाईत त्याचा मोड केला, पाठलाग करून बुऱ्हाणपूर लुटले, आणि नासीरखान धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या आश्रयाला गेला. त्याच वर्षी तो वारला. लळिंगच्या वाटेवर दुर्गभ्रमण करणारी मुले येतात तेव्हा मी हीच हकिगत सांगतो, कारण खुद्द किल्ला पाहून ती कळण्यासारखी नाही. आता या हकिगतीचा सांगणारा कोण, ते पाहावे. ती मुख्यतः फिरिश्त्याकडून आली आहे, आणि फिरिश्ता विजापूरच्या दरबारात बसून दख्खनचा इतिहास लिहीत होता. नासीरखानाच्या बाजूने कोणी लिहिले असते, तर स्वारीचे कारण एवढे घरगुती राहिले असते असे मला वाटत नाही. वऱ्हाडातले काही असंतुष्ट सरदार आपल्याकडे येतील, असा त्याचा हिशेब असणार.

या उत्तरातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे. फारूकींनी स्वतः लिहवून घेतलेली सलग तवारीख आपल्या हातात नाही. त्यांच्याविषयी आपण जे वाचतो ते विजापूरच्या फिरिश्त्याने, गुजरातच्या इतिहासकारांनी आणि अकबराच्या दरबारातील अबुल फझलाने लिहिले आहे; म्हणजे शेजाऱ्याने, पाठीराख्याने आणि अखेर राज्य बुडवणाऱ्याने. गुजरातच्या ग्रंथात खानदेशचा राजा मांडलिक दिसतो, दख्खनच्या ग्रंथात आगाऊ दिसतो, मोगलांच्या ग्रंथात बेभरवशाचा दिसतो. शेजारच्या बागलाणातील राठोड राजांचे घराणे फारूकींच्या तुलनेत लहान, पण नारायणशाहाने रुद्रकवीकडून १५९६ मध्ये आपल्या वंशाचे संस्कृत महाकाव्य लिहवून घेतले. अतिशयोक्ती वजा करूनही त्या घराण्याचा स्वतःचा आवाज आपल्याला ऐकू येतो. फारूकींचा आवाज ऐकायचा तर दगडाकडेच जावे लागते, आणि म्हणून बुऱ्हाणपूरचा तो सात नावांचा लेख तेरा नावांच्या यादीपेक्षा कमी मोलाचा समजू नये.

सालांचा घोळ त्या मानाने किरकोळ आहे. फारसी ग्रंथ हिजरी साल देतात आणि एक हिजरी साल दोन इसवी सनांत पसरते. मलिक राजाच्या मृत्यूचे हिजरी साल ८०१. ते १३९८ च्या सप्टेंबरात सुरू झाले आणि १३९९ मध्ये संपले, महिना शाबान होता म्हणून इसवी सन १३९९ घ्यायचे. महिना न पाहता नुसते कोष्टक लावणारा १३९८ लिहून मोकळा होतो. शकाचेही तसेच. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, ज्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला निकुंभ राजांनी दिलेल्या दानाची नोंद आहे, शके ११२८ आणि प्रभव संवत्सर असे आहे. संवत्सर जुळवून पाहिले की तो शक गत, म्हणजे पुऱ्या झालेल्या, वर्षाचा आहे हे कळते, आणि तारीख १२०६ ऐवजी १२०७ मध्ये जाते. बुऱ्हाणपूरच्या लेखात शके १५११ आणि विरोधी संवत्सर सरळ जुळतात, परंतु महिना पौष असल्याने मुहूर्त १५९० च्या जानेवारीत पडतो, तर अरबी लेखातील हिजरी ९९७ हे साल १५८९ च्या नोव्हेंबरापूर्वीच संपते. मशिदीचे साल कोणी १५८९ दिले, कोणी १५९० दिले, तर भांडू नये.

‘खान’ आणि ‘शाह’ हे मात्र तक्त्यावर काटेकोर लिहावे. सुरुवातीचे सगळे खान आहेत. ही पदवी गुजरातच्या अहमदशाहाने नासीरखानाला दिली, आणि खानांचा देश म्हणून खानदेश, असे फिरिश्ता सांगतो. कान्हदेशापासून नाव आले असे म्हणणारेही आहेत. यादवकाळी या भागाला सेउणदेश म्हणत, एवढे शिलालेखांवरून निश्चित आहे, आणि फारूकींच्या आधी ‘खानदेश’ असा स्पष्ट उल्लेख कोणी दाखवत नाही तोवर मी फिरिश्त्याच्या बाजूने राहीन. ‘शाह’ पदवी येते ती १५३७ च्या सुमारास. दीवजवळच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत गुजरातचा बहादूरशाह मारला गेला, आणि त्याचा भाचा म्हणून मीरान मुहंमद याला गुजरातच्या अमिरांनी सुलतान म्हणून निवडले. अहमदाबादला पोहोचण्यापूर्वीच तो वाटेत वारला. गुजरात हातचे गेले, ‘शाह’ तेवढा घरात राहिला. पुढे राजा अलीखानाने अकबराचे स्वामित्व मान्य केले तेव्हा ही पदवी सोडल्याचे मोगल इतिहासकार लिहितात. मशिदीच्या भिंतीवर मात्र तो आदिलशाहच आहे. मोगल दरबाराला जाणाऱ्या अर्जीत एक नाव आणि घरच्या दगडावर दुसरे. मांडलिक राजांच्या बाबतीत हे पुढे संस्थानी काळापर्यंत दिसते.

या राजा अलीखानाचा शेवट समजल्याशिवाय अशीरगडाचा प्रश्न सुटत नाही. १५९७ च्या आरंभी गोदावरीकाठी सोनपेठ–आष्टीच्या परिसरात सेनापती खानखानानच्या मोगल फौजेची आणि विजापूरच्या सुहेलखानाची लढाई झाली. राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढत होता. अंधार पडला, तो दिसेना, तेव्हा तो शत्रूला मिळाला असे ठरवून मोगल सैनिकांनी त्याचाच तळ लुटला. सकाळी रणांगणावर त्याचे प्रेत सापडले, भोवती त्याची माणसे पडलेली होती. मुलगा बहादूरखान गादीवर आला तो ही लूट डोळ्यांपुढे ठेवून. त्याने अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल याच्या भेटीला येण्याचे टाळले, अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला आला तरी तो अशीरगडावरून उतरला नाही, याला मोगल ग्रंथ उद्धटपणा म्हणतात. मला ते भय वाटते.

वेढा १६०० मध्ये पडला आणि गड १६०१ च्या जानेवारीत हाती आला. गड का पडला, याविषयी दोन साक्षी आहेत. मोगल ग्रंथ गडावरची गर्दी, रोगराई आणि खचलेले मन ही कारणे देतात. त्या वेळी अकबराबरोबर असलेल्या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्यांच्या पत्रांवर आधारलेला वृत्तांत वेगळा आहे: बहादूरखानाला सुरक्षिततेची शपथ देऊन खाली बोलावले, आल्यावर अडकवून ठेवले, तरी गडावरच्या हबशी किल्लेदाराने दार उघडले नाही, आणि शेवटी आतल्या सरदारांना द्रव्य चारून गड घेतला. पहिला वृत्तांत विजेत्याच्या नोकरांचा आहे. दुसरा अकबरावर नाराज झालेल्या पाहुण्यांचा, कारण पोर्तुगिजांकडून तोफा मिळवून देण्याची अकबराची मागणी त्यांना मान्य नव्हती. अभ्यासकांत यावर एकमत नाही. एवढे मात्र दोन्ही बाजूंनी निघते की बहादूरखान खाली उतरल्यानंतरही गड लगेच पडला नाही आणि तट फोडून कोणी आत शिरले नाही. म्हणून तक्त्याखाली ‘लढून जिंकला’ लिहू नये आणि ‘फितुरीने पडला’ असेही ठासून लिहू नये, ‘दीर्घ वेढ्यानंतर शरण आला, शरणागतीच्या अटी व रीतीबाबत तत्कालीन वृत्तांतांत मतभेद’ एवढे पुरे. अकबराने या विजयाप्रीत्यर्थ ‘असीर’ टांकसाळीची, ससाण्याची आकृती असलेली सोन्याची मोहोर पाडली, तिचे चित्र मिळाले तर मुलांसाठी अवश्य लावा. अकबराने सुरू केलेल्या इलाही कालगणनेतील सन ४५ आणि इस्फंदारमुज महिना त्यावर आहे, म्हणजे गड पडल्यावर लगेचची. सुभ्याचे नावही दानियालवरून दानदेश केले. ते नाव कागदावर काही काळ राहिले, लोकांच्या तोंडी कधीच बसले नाही.

तक्ता करताना दोन नकाशे जोडावेत, असेही सुचवतो. फारूकींची राजधानी आज महाराष्ट्रात नाही, बुऱ्हाणपूर आणि अशीरगड मध्य प्रदेशात आहेत, आणि हे मुलांना विचित्र वाटते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा बुऱ्हाणपूर शिंद्यांकडे राहिले; ते १८६० मध्ये इंग्रजांना मिळाले आणि निमाडात गेले. इकडचा खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा दुभागला, त्याचे पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला.

प्रत्यक्ष आखणीत राज्यकर्त्यांची तेरा नावे ठळक शाईने लिहा, आलमखान व हसनखान कंसात घाला, शिलालेखातील सात नावांखाली तांबडी रेघ ओढा. केसरखान आणि हसन यांनी राज्य केलेले नाही, म्हणून त्यांना चौकट देऊ नका, नुसते नाव द्या. हा हसन आणि कंसातला हसनखान वेगळे आहेत, हेही बाजूला टिपा. प्रत्येक राजापुढे जन्म-मृत्यूची नव्हे तर राज्यकालाची साले घाला, आणि बहादूरखानापुढचे १६०१ हे त्याच्या मृत्यूचे साल नाही, त्या साली तो कैदी म्हणून ग्वाल्हेरला रवाना झाला, हे रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवा.